पलुस्कर कोणते? नाशकातल्या एका स्मरणसंध्येचं प्रकरण

२४ ऑक्टोबर २०२१, रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास फ्लेक्सवाल्याचा पोऱ्या गुंडाळी दारात टेकवून पळाला. आम्ही तिघांनी ती दिवाणखान्यात फरशीवर उलगडली. अक्षरं बरोबर होती : ‘पं. द. वि. पलुस्कर जन्मशताब्दी – ध्वनिमुद्रिकांची संध्याकाळ’. वेळ बरोबर, पत्ता बरोबर. उजव्या कोपऱ्यात मात्र डोक्याला पागोटं, भरघोस मिशा आणि करारी चेहरा. म्हणजे पंडित विष्णू दिगंबर. ज्यांची शताब्दी करायला निघालो होतो, त्यांचे वडील.

“प्रूफ कोणी पास केलं?” वकीलकाकांनी विचारलं.

मी. रात्री पावणेबाराला, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून.

फ्लेक्सवाल्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने ‘पंडित पलुस्कर’ असं शोधलं, पहिला चेहरा उचलला. आमच्या गावात कुणालाही पलुस्कर म्हटलं तर हेच होईल. रिक्षावाल्याला सांगा, तो सरळ पंचवटीत इंद्रकुंडाला, पलुस्कर सभागृहाशी नेऊन सोडेल. त्या सभागृहात शेकडो कार्यक्रम ऐकलेल्या माणसालाही ‘यातले पलुस्कर कोणते?’ असं विचारलं तर तो क्षणभर तुमच्याकडे बघतो. दोन आहेत हेच त्याच्या गावी नसतं.

दिवंगत गायकावर कार्यक्रम करणाऱ्या आमच्यासारख्या चिल्लर मंडळांना उपयोगी पडेल म्हणून ही सगळी हकिगत लिहून ठेवतो आहे. त्यात आमच्या चुकाच जास्त आहेत.

मंडळ आणि निमित्त

मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या घरात बारा-चौदा जण जमतात आणि ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या ऐकतात. तबकड्या वकीलकाकांच्या. गणपतीत मंडपाचा साउंड लावणारे एक भाऊ यंत्राचं बघतात. शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेल्या मावशी रागांच्या बाबतीत शेवटचा शब्द. मी विम्याच्या नोकरीतला. माझ्याकडे चिठ्ठ्या लिहिणं आणि चहाचा हिशेब.

दत्तात्रेय विष्णू पलुस्कर, घरचे आणि गाणारे त्यांना बापूराव म्हणत, २८ मे १९२१ रोजी नाशकात जन्मले. म्हणजे २०२१ हे शताब्दीचं वर्ष. आम्ही आदल्या दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. पण २०२१च्या एप्रिल-मे महिन्यात कोरोनाने नाशिकची काय अवस्था होती ते नाशिककरांना सांगायला नको. २८ मेला आम्ही फोनवर एकमेकांना एक-एक भजन पाठवलं, आणि तेवढ्यावर शताब्दी झाली.

मग २२ ऑक्टोबरपासून नाट्यगृहं, सभागृहं निम्म्या क्षमतेने उघडणार असं जाहीर झालं. ओळखीतून एक लहान सभागृह मिळालं. खुर्च्या एकशे दहा, म्हणजे पंचावन्न माणसं. तयारीला दहा-बारा दिवस.

बाप आणि लेक

माझं पहिलं काम होतं निवेदनाची संहिता. बसलो लिहायला आणि पहिल्याच रात्री चार पानं झाली. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिलं तर त्यातली तीन वडिलांची!

तसं होणारच. विष्णू दिगंबरांचं आयुष्य असं आहे की लिहिणाऱ्याला ते ओढून नेतं. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म. लहानपणी शोभेची दारू तोंडावर उडून डोळ्यांना कायमची इजा. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण. मग गुरूचं घर सोडून उत्तरेकडे भटकंती, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय. राजाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर चालणारी गाण्याची शाळा, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट. १९०८ साली मुंबईत शाखा, मोठी इमारत, मोठं कर्ज, आणि शेवटी त्या कर्जापायी इमारत हातची गेली. तोवर मन रामनामाकडे वळलं होतं. पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला. १९२३च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणायला अध्यक्ष मौलाना मोहम्मद अलींनी हरकत घेतली, तरी हे गात राहिले, संपवूनच खाली बसले. एवढं सगळं समोर असताना मुलाकडे वळायला लेखणीला वेळ लागतो.

मुलाच्या वाट्याला आले ते वडिलांचे उतरत्या काळातले दिवस. बरीच भावंडं लहानपणीच गेलेली, हा एकटा हाताशी राहिला. विष्णू दिगंबर ऑगस्ट १९३१मध्ये गेले तेव्हा बापूराव दहा वर्षांचे. म्हणजे ज्याला आपण वडिलांची तालीम म्हणतो ती जेमतेम ओळख होण्याइतकीच. पुढचं शिक्षण चुलतभाऊ चिंतामणराव, आणि मुख्य म्हणजे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे. दोघे वडिलांचे शिष्य. घराण्याचं ग्वाल्हेरी गाणं वडिलांकडून मुलाला थेट मिळालं नाही, ते शिष्यांच्या हातून फिरून घरी आलं.

ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटत होती. संहितेतून तीच दोनदा गळली, कारण लाहोरच्या गोष्टीला जागा हवी होती.

मावशींनी संहिता वाचली आणि पेन्सिलने पहिल्या तीन पानांवर एक तिरपी रेघ मारली. “हे सगळं खरं आहे. पण हे ऐकून लोक घरी जाताना ‘काय मोठा माणूस!’ म्हणतील, आणि तो माणूस दुसराच असेल.” मी कुरकुरलो. शेवटी वडिलांना चार वाक्यं मिळाली. फ्लेक्सवर फोटोही मिळाला, पण ते आम्हाला रविवारी सकाळी कळलं.

याच टप्प्यावर आणखी एक गोंधळ निघाला. मंडळातल्या एकांनी मोठ्या आस्थेने विचारलं, “दिसत नसताना एवढं नोटेशन कसं वाचत असतील बापूराव?” डोळे गेले होते वडिलांचे. मुलाला व्यवस्थित दिसत होतं. पण ही सरमिसळ त्यांच्या एकट्याच्या डोक्यात नव्हती. नंतर कार्यक्रमाच्या मध्यंतरात मला तीच गोष्ट आणखी दोघांनी सांगितली, आणि त्यातल्या एकांनी ती वर्तमानपत्रात वाचली होती म्हणे.

पंचवीस की सव्वीस

चौतीसाव्या वर्षी, ऑक्टोबर १९५५मध्ये, मेंदूज्वराने बापूराव गेले. त्याच वर्षी ते भारतीय सांस्कृतिक पथकाबरोबर चीनला जाऊन आले होते. हे दोन ओळींत मावतं. पण तारीख लिहायला गेलो तर कुठे २५ ऑक्टोबर, कुठे २६. एकाच लेखात वर एक आणि खाली दुसरी, असाही नमुना पाहिला. तिथीबद्दल मात्र एकच सांगतात : विजयादशमी.

वकीलकाका म्हणाले की यात गूढ काही नाही, तिथी आणि तारीख यांचे सांधे जुळत नाहीत म्हणून हे होतं. दशमी एका दुपारी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत असते. घरातली माणसं तिथी लक्षात ठेवतात, ‘दसऱ्याला गेला’ म्हणतात. पुढे कोणीतरी कॅलेंडर काढून त्या दसऱ्याची तारीख शोधतो, आणि एका पंचांगातला दसरा दुसऱ्या पंचांगात दुसऱ्या दिवशी असू शकतो. काकांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. वकिली चाळीस वर्षं केली असल्यामुळे न पटलं तरी ते आम्हाला पटवलंच असतं.

मग छापायचं काय? मी २६ म्हणत होतो, भाऊ २५. मावशींनी निकाल दिला : ‘विजयादशमी, ऑक्टोबर १९५५’. तारीखच नको. आणि कार्यक्रम ठेवला २४ला, कारण तो रविवार होता आणि सोमवार-मंगळवारी पंचावन्न माणसंही आली नसती. दोन्ही तारखा चुकवून आम्ही पुण्यतिथी केली. त्या वर्षीचा दसरा तर १५ ऑक्टोबरलाच होऊन गेला होता.

अशा कार्यक्रमांचे फलक पाहत गेलं तर लक्षात येतं की कलावंत जितका तरुण गेला तितकी मृत्यूची तारीख ठसठशीत छापतात. आयुष्यात दुसरं काही घडलंच नव्हतं जणू.

ट्यूबलाइट

आता जे झालं त्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि मजाही त्यातच आली.

सभागृहात प्रत्यक्ष तबकडी वाजवायची असं ठरलं होतं, पण सगळ्या तबकड्या चांगल्या अवस्थेत नव्हत्या. दोन गाण्यांसाठी भाऊंनी कुठूनतरी संगणकावरच्या प्रती मिळवल्या. गौड सारंगाची प्रत लावली. आवाज स्वच्छ. मावशी दहा सेकंद ऐकून म्हणाल्या, “हे पोरगं झालंय.”

“म्हणजे?”

“आवाज लहान झालाय. बापूरावांचा आवाज गोड होता, पण एवढा कोवळा नव्हता. आणि ताना बघा, पळतायत.”

आमच्याकडे त्याच गाण्याची तबकडी होती, एका बाजूला ओरखडा असलेली. ती यंत्रावर लावून दोन्हींचा षड्ज पेटीवर काढला. प्रत जवळजवळ एका अर्धस्वराने चढी निघाली. भाऊंनी कागदावर हिशेब केला : ७८ फेऱ्यांची तबकडी ८२ फेऱ्यांच्या आसपास फिरवून कोणीतरी नक्कल केली असेल तर एवढा फरक पडतो. पण याला दुसरी बाजू होती. कशावरून आमचंच यंत्र हळू चालत नसेल?

यंत्राचा वेग तपासायला एक जुनी युक्ती आहे. गोल कागदी चकती, तिच्या कडेला सारख्या अंतरावर काळ्या रेघा. पन्नास हर्ट्‌झच्या विजेला आणि ७८च्या वेगाला सत्याहत्तर रेघा लागतात. चकती फिरत्या तबकडीवर ठेवायची आणि विजेच्या दिव्याखाली बघायची. दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. यंत्र जोरात असलं तर पुढे सरकतात, हळू असलं तर मागे.

चकती काकांकडे होती. फिरवली, आणि काहीच दिसेना. करडा पट्टा नुसता. दहा मिनिटं डोळे ताणले तेव्हा भाऊंनी कपाळावर हात मारला. घरातले सगळे दिवे एलईडी! बरेचसे एलईडी तसे लुकलुकतच नाहीत. मग चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटचा शोध सुरू झाला. काकांच्या माळ्यावर नाही, शेजारी नाही. शेवटी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत सापडली. गिरणीवाल्याने दुपारी दळण नसताना या म्हटलं. आम्ही चावीचा ग्रामोफोन उचलून नेला, पिठाच्या डब्यावर टेकवला. त्या फडफडत्या पांढऱ्या उजेडात सत्याहत्तर काळ्या रेघा मुंगीच्या पावलाने मागे सरकत होत्या. भाऊंनी गतीचा स्क्रू किंचित पिळला. रेघा थांबल्या.

म्हणजे आमचं यंत्र थोडं हळू होतं आणि ती प्रत बरीच जोरात. दोघांच्या मधे बापूराव.

दळायला आलेल्या एक आजी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय मोडलंय?” गिरणीवाला म्हणाला, “काही नाही हो आजी, गाण्याचं वजन करतायत.”

यावर मी निवेदनात पाच मिनिटं बोलणार होतो. मावशींनी दीड मिनिटं दिली.

तीन मिनिटांत काय मावतं

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. बापूरावांची पहिली तबकडी १९४४ची. (योगायोग असा की त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला दादासाहेब फाळके नाशकातच गेले. त्यांनी या गावात मूकपट काढले तेव्हा पडद्यावरच्या माणसाचा आवाज कुणाला ठेवता येत नव्हता, आणि पंचवटीचं हे मूल गायला लागलं तेव्हा ठेवता येत होता, पण तीन मिनिटंच.) आणि १९५५ला ते गेले तेव्हा आपल्याकडे लाँगप्ले तबकड्यांचे दिवस यायचे होते.

भीमसेन जोशी बापूरावांपेक्षा आठ-नऊ महिन्यांनी लहान, फेब्रुवारी १९२२चे. वसंतराव देशपांडे एका वर्षाने मोठे. या दोघांना एकेका बाजूला वीस-वीस मिनिटांचा लाँगप्ले मिळाला, कॅसेट मिळाली, भीमसेनांना सीडीही. बापूरावांच्या काही रेडिओवरच्या लांब मैफली नंतर बाहेर आल्या. पण लोकांच्या कानात बसले ते तबकडीतले. आणि तबकडीतही भजनं. ‘ठुमक चलत रामचंद्र’, ‘चलो मन गंगा जमुना तीर’. म्हणून आजही नाशकात त्यांचं नाव ओळखणारा माणूस ‘भजनं म्हणायचे ते’ असं म्हणतो.

आमच्यात खरा वाद इथे झाला. माझं मत : लोक भजनं ऐकायलाच येणार, तीच द्या. मावशींचं मत उलटं. त्या म्हणाल्या, ख्यालगायकाला तीन मिनिटांची शिक्षा झाली आणि त्याने त्या शिक्षेत काय केलं ते ऐकवायचं असेल तर राग लावा. गौड सारंगातलं ‘पियु पल न लागी’ त्यांनी आम्हाला चार वेळा ऐकायला लावलं. पहिल्या वेळी मला ते फक्त गोड वाटलं. चौथ्या वेळी लक्षात आलं की यात विस्तार कापून टाकल्याची खूणच कुठे दिसत नाही. मोठ्या ख्यालाचा आराखडा आखडून बसवलेला नाही, तीन मिनिटांएवढीच गोष्ट मुळात योजलेली आहे. बंदिश येते, रागाचं वळण दोन हरकतींत कळतं, ताना येतात त्या दाखवण्यासाठी येत नाहीत, आणि गाणं समेवर येऊन मुकाट्याने बसतं. घाई नाही. तबकडी संपत आली म्हणून उरकल्यासारखं एकदाही वाटत नाही.

मग अडचण वेळेची. गौड सारंग दुपारचा, बिलासखानी तोडी सकाळचा, कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला. काका म्हणाले की तबकडीला कसली वेळ, ती कपाटात चोवीस तास असते. मावशी म्हणाल्या की तबकडीला नसेल, ऐकणाऱ्याला असते. तोड अशी निघाली की श्री रागातलं ‘हरि के चरण कमल’ बरोबर सहाच्या ठोक्याला लावायचं, सूर्य त्याच सुमाराला मावळणार होता. बाकीच्यांना निवेदनात ‘आता आपण दुपारी बारा-एकच्या उन्हात आहोत’ असं म्हणून माफी मागायची.

भजन एकच ठेवलं, शेवटी. मी हरलो.

संध्याकाळ

फ्लेक्सवर उपाय काय केला ते सांगायचं राहिलं. नवा छापायला वेळ नव्हता, रविवारी दुकान बंद. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून बापूरावांचा काळा-पांढरा फोटो ए-फोर कागदावर काढला आणि विष्णू दिगंबरांच्या चेहऱ्यावर चारी बाजूंनी सेलोटेप लावून चिकटवला. रंगीत फ्लेक्सवर काळा-पांढरा चौकोन. लांबून मुद्दाम केल्यासारखा दिसत होता.

एकोणपन्नास माणसं आली. सुरुवात आम्ही गायकाचं नाव न सांगता केली. ‘बैजू बावरा’मधली ‘आज गावत मन मेरो झूमके’ ही देसी रागातली जुगलबंदी लावली आणि विचारलं, बैजूचा आवाज कुणाचा?

“रफीसाहेब!” पहिल्या रांगेतून लगेच. मागून दोन-तीन जणांनी री ओढली. एक काका ठामपणे म्हणाले, मन्ना डे. बरोबर उत्तर एकाच कोपऱ्यातून आलं, पेटी शिकणाऱ्या एका मुलीकडून.

रफी म्हणणाऱ्यांची चूक नाही. १९५२च्या त्या चित्रपटात भारत भूषण बैजू झाले आणि बैजूची बाकीची गाजलेली गाणी रफींचीच आहेत. एकाच तोंडाला दोन गळे. प्रेक्षक पहिल्याच आवाजाला ओळखीचं नाव देऊन मोकळा होतो. गंमत म्हणजे त्या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाने बापूरावांना आयुष्यभर ऐकलं होतं, नाव न कळता. तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँचा, पडद्यावर सुरेंद्र. कथेप्रमाणे बैजू जिंकतो. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे पलुस्करांनी अमीर खाँना हरवलं!” वकीलकाकांनी बसल्या जागेवरून हरकत घेतली, “हरवलं पटकथेने. गाणाऱ्यांनी एकमेकांना जागा दिलीय, नीट ऐका.” पुन्हा लावलं. काकांचं बरोबर होतं. एक तान जिथे संपते तिथे दुसरा घाईने उडी मारत नाही.

मग मी माझा एक कागद वाचला, जो संहितेतला मला सर्वांत आवडलेला भाग होता. या एका गाण्याशी थेट जोडलेली माणसं : दिग्दर्शक विजय भट्ट, गीतकार शकील बदायुनी, संगीतकार नौशाद, गायक अमीर खाँ आणि पलुस्कर, पडद्यावर सुरेंद्र आणि भारत भूषण. सातांत वयाने सर्वांत लहान पलुस्कर. गेले सर्वांत आधी, चित्रपट लागून तीन वर्षं झाली तेव्हा. शकील १९७०, अमीर खाँ १९७४ साली कोलकात्यात मोटार अपघातात, सुरेंद्र १९८७, भारत भूषण १९९२, विजय भट्ट १९९३, आणि नौशाद थेट २००६. नौशाद बापूरावांहून दीड वर्षाने मोठे होते. सभागृह एकदम गप्प झालं. पंखे तेवढे ऐकू येत होते.

पंख्यांनीच घोटाळा केला. सहा वाजता श्री लागला, दिवे मंद केले, आणि दुसऱ्या मिनिटाला ए-फोर कागदाची खालची सेलोटेप सुटली. कागद वरच्या दोन कोपऱ्यांवर लोंबकळत पंख्याच्या वाऱ्याने वर-खाली व्हायला लागला. वर गेला की खालून मिशा. खाली आला की पुन्हा मुलगा. तिसऱ्या रांगेतल्या दोन मुलांना हसू आवरेना, त्यांची आई त्यांना चिमटे काढत होती. मी उठून जायला निघालो तर मावशींनी हात धरला, “बसा. आत्ता कोणी उठायचं नाही.” तीन मिनिटं तो कागद हलत राहिला आणि आम्ही श्री ऐकत राहिलो.

मध्यंतरानंतर जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात चौदा वर्षांचा मुलगा कसा गायला बसला ते सांगितलं. मग केदार, गौड सारंग, बिलासखानी. गौड सारंगाला पोलादी सुई अर्ध्यात अडकली, ओरखड्यावर. भाऊंनी बोटाने हळूच पुढे ढकलली. टाळ्या पडल्या, आणि त्या भाऊंना होत्या. शेवटचं भजन सुरू झालं तेव्हा पहिल्या चार रांगा बरोबरीने म्हणू लागल्या. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमचंही बरोबर होतं थोडं.”

नंतर

हिशेब : सभागृह, चहा, फ्लेक्स आणि झेरॉक्स धरून खर्च चार हजार दोनशे. पेटीत तीन हजार एकशे चाळीस आले. उरलेले काकांनी घातले.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मला फोन आले ते गाण्यांच्या प्रती मागणारे. अकरा जणांनी भजन मागितलं, दोघांनी ‘बैजू बावरा’चं गाणं, जे त्यांच्या फोनवर आधीपासून असणार. गौड सारंग एकीनेच मागितला, त्याच पेटी शिकणाऱ्या मुलीने. वेग दुरुस्त केलेली प्रत पाठवली. दोन दिवसांनी तिचा निरोप आला : ‘काका, हे अचानक संपतं. पुढचा भाग पाठवायचा राहिलाय का?’ तिला तबकडीची गोष्ट कळवली. मग काकांकडून रेडिओवरच्या एका मैफलीची प्रतही मिळवून दिली. ती ऐकून तिने लिहिलं की तीन मिनिटंवालंच जास्त आवडलं. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या शनिवारी तिला मंडळात घेऊन आल्या.

पुढल्या खेपेला अण्णा साळुंके करायचं आमच्या मनात आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेला, आणि १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झालेला माणूस. आवाजाची तबकडी नाही, तेव्हा वेग तपासायचा प्रश्न नाही. भाऊ म्हणतात, मग माझं काय काम? प्रोजेक्टरचं बघा म्हटलं आहे. फ्लेक्सवर राम छापायचा की सीता यावर आत्ताच दोन मतं आहेत, आणि प्रूफ या वेळी माझ्याकडे येणार नाही असं एकमताने ठरलं आहे.

जुना फ्लेक्स काकांनी फेकू दिला नाही. कापड जाड आहे, पाणी लागत नाही. ग्रामोफोनवर झाकायला तो बरोबर बसतो, पागोट्याची बाजू वर ठेवली तर.